स्वस्तातला प्रोजेक्टर तपासायचा तर क्रिकेट नको, बायकांची बर्फावरची स्प्रिंट लावा

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण हा माल दहा नावांनी मिळतो आणि आतून बहुतेक सारखाच असतो. शॉपिंगच्या अ‍ॅपवर आठ-नऊ हजारात जे पांढरे, वायफायवाले, उभ्या डब्यासारखे प्रोजेक्टर दिसतात ना, त्यातलाच एक. आम्ही गावात वर्गणी करून घेतला, गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर लावतो, थंडीच्या दिवसात कापूस वेचून आलेल्या बाया जेवणंखावणं आटपून येतात, पोट्टे तर अंधार पडायच्या आधीच सतरंजी टाकून बसतात. विकत घ्यायच्या आधी मी ऑनलाईन लय रिव्ह्यू पाह्यले, सगळ्यांनी क्रिकेट लावून दाखवलेलं नाहीतर साउथचा पिक्चर, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, एकदम झक्कास, पैसा वसूल.

आता क्रिकेट लावलं की कोणताही प्रोजेक्टर झक्कासच दिसतो भाऊ. हिरवं मैदान, मधात एक पट्टी, रंगीत कपडे, कॅमेरा बराच वेळ एका जागी उभा, आणि कोपऱ्यात काय चालू आहे ते कोणी पाहत नाही. पिक्चरमध्ये तर अर्धे सीन अंधारातले, त्यात काय लपलं ते डायरेक्टरलाच माहीत. खरी परीक्षा होते ती पांढऱ्यावर. पूर्ण पडदाभर पांढरं पाहिजे, त्यावर बारीक रेघा पाहिजेत, आणि त्याच्यावरून कोणीतरी जोरात पळालं पाहिजे. हे तिन्ही एकाच ठिकाणी कुठं मिळतं तर क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे पायाला स्की नावाच्या लांब पट्ट्या आणि हातात काठ्या घेऊन बर्फावरून पळायची रेस, त्यातही स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या रेसमध्ये. आणि बायकांची स्प्रिंट का, तर आमच्याकडे पाहणाऱ्या बहुतेक पोरी होत्या म्हणून.

झालं असं की आमच्या इथं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींचा एक ग्रुप आहे, पहाटे डांबरी रोडवर पळतात, त्यांचे जे सर आहेत त्यांना पोरींना काहीतरी वेगळी रेस दाखवायची होती. बोल्टची शंभर मीटर पाहून पोरी कंटाळल्या होत्या, ती दहा सेकंदात संपते आणि आपल्याला त्यातून काही घेता येत नाही असं सरांचंच म्हणणं. भरतीत मुलींना शंभर मीटर, गोळाफेक आणि 800 मीटर. 800 ला आमच्या पोरींना साधारण तीन मिनिटं लागतात, कोणाला थोडी कमी कोणाला थोडी जास्त. मी शोधत शोधत ऑलिम्पिकच्या ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर पोचलो, तिथं 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकची बायकांची स्प्रिंट सापडली, फ्री स्टाईल, आणि तीही तीन मिनिटांचीच! फक्त अंतर 800 मीटर नाही, दीड किलोमीटर, आणि मधात चढ.

ही रेस कशी चालते ते आधी सांगतो, कारण आमच्याकडं पहिल्या दिवशी अर्धा वेळ हेच समजावण्यात गेला. सकाळी म्हणा दुपारी म्हणा, पहिले सगळ्या जणी एकेकट्या सुटतात, थोड्या थोड्या सेकंदांच्या फरकानं, घड्याळासोबत रेस. त्यातून टॉप 30 निघतात. मग त्या तीसच्या सहा-सहाच्या पाच बॅचेस. प्रत्येक बॅचमधून पहिल्या दोघी पुढं जातात आणि वरून आणखी दोघी, ज्या हरल्या पण ज्यांचा टाइम चांगला होता. अशा बारा झाल्या की दोन सेमीफायनल, तिथंही हाच हिशोब, आणि शेवटी सहा जणींची फायनल. म्हणजे फायनलपर्यंत गेलेली बाई एकाच दिवशी, काही तासांच्या आत, चार वेळा जीव तोडून पळालेली असते. सरांनी इथं व्हिडिओ थांबवला आणि पोरींकडं पाह्यलं फक्त, बोलले काही नाही. मागून एक पोरगी म्हणाली, "सर आमाले एकदा पळून उलटी येते, ह्या चारदा कशा पळतात?"

बरं आता प्रोजेक्टरचं. पहिल्या दिवशी लावला तर बर्फ निळा. पांढरा नाहीच, आपण कपड्याला नीळ जास्त टाकतो तसा निळसर. मधात प्रकाश भरपूर आणि चारी कोपऱ्यात मळकट पिवळं, म्हणजे एकाच भिंतीवर तीन रंगाचा बर्फ. क्रिकेटमध्ये हे आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. समोर बसलेल्या एका आजीनं विचारलं, "अवो माय, एवढा कापूस! कोन्या जिनिंगातला व्हय बाप्पा?" आणि मग शेजारणीला म्हणे, "भिजेल दिसते, काळा पडू राह्यला." मी मनात म्हटलं आजी, तुमी बरोबर कोपऱ्याकडंच बोट दाखवलं.

सेटिंगमध्ये जाऊन पाह्यलं तर कंपनीनं पिक्चर मोड व्हिविड, म्हणजे भडक रंगाचा, टाकून पाठवला होता, दुकानातल्या टीव्हीसारखा. तो काढून स्टँडर्ड केला, कलर टेम्परेचर वॉर्म केलं, नीळ गेली. कोपऱ्यांचं मात्र काही होत नाही, ती लेन्सची आणि आतल्या लाईटची मर्यादा आहे, सेटिंगनं जात नाही. चित्र थोडं लहान केलं, म्हणजे प्रोजेक्टर भिंतीच्या जवळ आणला, तर तेवढं डोळ्यात येत नाही. आम्ही आधी हौसेनं अख्खी भिंत भरायचो, आता भिंतीच्या अर्ध्याहून थोडं जास्त ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, ही कोणत्याच रिव्ह्यूमध्ये मिळणार नाही. स्कीइंगच्या ह्या रेसेस दोन पद्धतीच्या असतात. फ्री स्टाईलमध्ये बाया स्केटिंगसारखे पाय बाहेर फेकत जातात, त्याला रस्ता सपाट लागतो. दुसरी क्लासिक, त्यात बर्फात मशीननं चाकोऱ्या पाडलेल्या असतात, बैलगाडीच्या रस्त्याला असतात तशाच जोडीनं, आणि स्की त्या चाकोरीतून सरळ चालवायची. ऑलिम्पिकच्या स्प्रिंटमध्ये ही पद्धत दरवेळी आलटून पालटून ठेवतात, 2018 ला दक्षिण कोरियात प्योंगचांगला क्लासिक होती, 2022 ला फ्री. तर 2018 ची रेस लावा आणि पाहा की चाकोऱ्या दिसतात का. आमच्याकडं पहिल्यांदा दिसल्याच नाहीत! बाया नुसत्या पांढऱ्या चादरीवर हवेत चालल्यासारख्या. फोनमध्ये तोच व्हिडिओ पाह्यला तर चाकोऱ्या स्वच्छ, प्रत्येक रेघ वेगळी. म्हणजे प्रोजेक्टर पांढऱ्यातला बारीक फरक खाऊन टाकतो, सगळं एकच पांढरं करतो. कॉन्ट्रास्ट अर्ध्याच्या खाली आणला तेव्हा चाकोऱ्या उमटल्या. चित्र किंचित फिकट झालं पण खरं झालं. त्या रेसमध्ये स्वीडनची स्टिना निल्सन जिंकली, नॉर्वेची मायकेन कास्परसेन फाल्ला दुसरी, आणि रशियाची युलिया बेलोरुकोवा तिसरी, ह्या फाल्लाबाई 2014 ला सोचीमध्ये पहिल्या आल्या होत्या. चाकोऱ्या दिसायला लागल्यावरच समजलं की शेवटच्या सरळ रस्त्यावर कोण कोणत्या चाकोरीत आहे आणि कोण कोणाला पास करू शकते, नाहीतर ती रेस पाहण्यात काही मजा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे झटके. प्रोजेक्टरच्या आतमध्येच अ‍ॅप आहेत, यूट्यूब आहे, सगळं आहे असं लिहिलेलं असतं, आहे पण त्याचा प्रोसेसर एवढा गरीब आहे की जोरात हलणारं चित्र अडकत अडकत येते. स्प्रिंटमध्ये चढावर बाया काठ्या इतक्या भराभर मारतात की आतल्या अ‍ॅपवर एका बाईच्या हातात चार काठ्या दिसत होत्या. हेच लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडून लावलं तर झटके गेले, दोन हाताला दोनच काठ्या. तेव्हा आतल्या अ‍ॅपवर भरोसा ठेवू नका, केबल वापरा. फोनवरून लावायचं तर टाइप-सी टू एचडीएमआय केबल मिळते, पण ती सगळ्या फोनला चालत नाही, आपल्या फोनला चालते का ते आधी पाहून घ्या.

बीजिंगची फायनल केबलनं लावली त्या दिवशी समाजमंदिरात जागा नव्हती. नाव बीजिंग पण रेस झाली झांगजियाकोऊला, डोंगरात, 8 फेब्रुवारी 2022, फायनलला फ्लडलाइट लागलेले, मागं काळा डोंगर. बर्फ जवळपास सगळा मशीननं बनवलेला, हे सांगितल्यावर एक काका म्हणे, "म्हंजे थेबी ठिबकवरच हायेत!" स्वीडनची योना सुंडलिंग चढावर अशी सुटली की बाकीच्या पाच जणी मागून पाहतच राहिल्या. कमेंट्री इंग्रजीत, ती म्यूट केली, आमच्या एका पोट्ट्यानं माइक घेतला आणि चालू झाला, "अरे गेली, अरे हे पाय पाय पाय, मांगं पायतबी नाई लेकाची." आणि बरोबर तेव्हाच लाईन गेली.

समाजमंदिरात एक हुप्प आवाज. पण हा प्रोजेक्टर लाईट कमी खाते, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, बाजूच्या घरातून वायर ओढली आणि फायनल परत पहिल्यापासून लावली. एक आहे, इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा असला तर स्पीकरमधून गुंगुं आवाज येते, चित्राला काही होत नाही. सुंडलिंग जिंकली 3 मिनिटं 9.68 सेकंदात, दुसरी तिच्याच देशाची माया डालक्विस्ट, 2.88 सेकंद मागं. आता तीन मिनिटांच्या रेसमध्ये जवळपास तीन सेकंद म्हणजे केवढं अंतर ते 800 पळणाऱ्या पोरींना सांगायची गरज पडली नाही. खरी मारामारी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला, अमेरिकेची जेसी डिगिन्स डालक्विस्टच्या फक्त 0.28 मागं. अमेरिकेच्या कोणत्याही बाईला क्रॉस कंट्रीमध्ये एकटीच्या रेसमध्ये मिळालेलं ते पहिलं ऑलिम्पिक मेडल. सुंडलिंगचं तर काय, 2021, 2023 आणि 2025 अशा तिन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिपची स्प्रिंट तिचीच.

फिनिश लाइनला ह्या बाया एक पाय पुढं फेकतात, कारण फोटो फिनिशमध्ये बुटाचं टोक पाहतात, छाती नाही. छाती पुढं काढायची सवय असलेल्या आमच्या पोरींना हे लय गमतीचं वाटलं. मी तिथं व्हिडिओ थांबवून दाखवायला गेलो तर थांबवल्यावर बूट धूसर. फोकसचं चाक फिरवून फिरवून बूट स्पष्ट केला तर वरच्या कोपऱ्यातला टाइम पुसट, टाइम स्पष्ट केला की बूट गायब. हा सगळ्या स्वस्त प्रोजेक्टरचा दोष आहे, मधात आणि कडेला एकदम फोकस बसत नाही. डब्यावर 4के लिहिलेलं असते त्याचा अर्थ 4के व्हिडिओ चालतो एवढाच, दाखवतो मात्र 720 नाहीतर फार तर 1080, ते नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे चित्र खरोखर किती बारीक दाखवतो ते, म्हणून खाली बारीक अक्षरात असते, तेच वाचा. ल्युमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, आकडे तर वाचूच नका, वाचायचेच तर अ‍ॅन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले, लिहिलंय का ते पाहा, नसेल लिहिलं तर समजून जा. आणि प्रोजेक्टर तिरपा ठेवून कीस्टोनच्या सेटिंगनं चित्र सरळ करायच्या भानगडीत पडू नका, त्यात चित्र आणखी मऊ पडते, सरळ टेबल भिंतीसमोर मधोमध ठेवा. आमच्यात ऑटो कीस्टोन आहे, बाजूनं कोणी धप्पकन बसलं की चित्र आपोआप डोलते, ते बंद करून टाकलं.

आवाजाबद्दल न बोललेलं बरं. आतला स्पीकर एका खोलीपुरता, त्यात पंख्याची घरघर वरून. गावात लग्नाचा साऊंड बॉक्स असतोच कोणाकडं तरी, तो जोडा. पण एका रात्री आम्ही आवाज मुद्दाम पूर्ण बंद ठेवला होता, ते सांगतो.

2010 चं व्हँकुव्हर ऑलिम्पिक, बायकांची स्प्रिंट, क्लासिक. स्लोव्हेनियाची पेत्रा मायदिच, मेडलची दावेदार. रेसच्या आधी वॉर्मअप करताना एका वळणावर घसरली आणि कडेच्या तीनेक मीटर खोल घळीत पडली, खाली दगड. तिथून बाहेर आली आणि तशीच क्वालिफाइंग पळाली. मग क्वार्टर, मग सेमी, मग फायनल, दर रेसनंतर फिनिशला जमिनीवर कोसळायची, लोकं उचलायचे. ब्राँझ घेतलं. नंतर समजलं 5 बरगड्या मोडल्या होत्या आणि फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा भरली होती. पहिली आली नॉर्वेची मारित ब्योर्गन, दुसरी पोलंडची युस्तिना कोवाल्चिक, पण समाजमंदिरात त्या दिवशी त्यांच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी आधी सांगितलं होतं काय झालं ते, आणि कमेंट्री बंद केली कारण इंग्रजी कोणाला कळत नव्हतं आणि पोट्ट्याची कमेंट्री इथं नको वाटली. व्हिडिओ जुना आहे, चित्र तेवढं स्वच्छ नाही, प्रोजेक्टरच्या दोषांचं कोणाला काही पडलं नाही. सरांना मी विचारलं, हे दाखवावं का पोरींना, उद्या पाय मुरगळला तरी पळतील. सरांनी पण मधात थांबवून तेच सांगितलं, की हे पाहा पण करू नका, दुखलं की थांबायचं, भरती पुढच्या वर्षी पण येते. मला ते पटलं. टीव्हीवर अशा गोष्टी सांगताना नुसतं कौतुकच करतात, फुप्फुसाचं कोणी बोलत नाही.

अर्थात एका पोरीनं विचारलंच, आपल्या देशातलं कोणी करते का हे? करते. कर्नाटकातल्या कोडगूची भवानी तेक्कडा नंजुंडा, कॉफीच्या मळ्यांचा भाग, बर्फ नाही तिथं, तिनं 2025 मध्ये चिलीत 5 किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय रेसमध्ये ब्राँझ घेतलं. आणि खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गला होतात त्यात पण हा प्रकार असतो. बर्फ नसला की हे लोक चाकं लावलेल्या स्कीवर डांबरी रोडनं प्रॅक्टिस करतात, रोलर स्की. हे ऐकून पोरींनी एकमेकींकडं पाह्यलं, आमच्या रोडचे खड्डे आठवले असतील, हसल्या सगळ्या.

तर घ्यावा का? रात्री, अंधारात, गावातल्या लोकांना एकत्र बसून पाहायचं असेल तर घ्या, ह्या पैशात एवढा मोठा टीव्ही येत नाही. चित्राला पाचपैकी साडेतीन, आवाजाला एक, आतल्या अ‍ॅपला अर्धा. दिवसा पाहायचं असेल तर अजिबात घेऊ नका, खिडकीतून उजेड आला की बर्फ सोडा, हिरवं मैदान पण दिसत नाही. घरात एकट्यासाठी असेल तर तेवढ्याच पैशात बरा टीव्ही येतो. माझ्या मते डब्यावरची माहिती ही सरळ सरळ फसवणूक आहे, पण माल फसवा नाही, काय मिळणार ते माहीत असलं की काम देते. आल्या आल्या रिटर्नची मुदत संपायच्या आत बर्फाची रेस लावून पाहा, चाकोऱ्या कॉन्ट्रास्ट कमी करूनही दिसल्या नाहीत, किंवा मधात काळा ठिपका दिसला, म्हणजे आत धूळ गेली आहे, तर लगेच परत करा, क्रिकेट पाहत बसलात तर मुदत निघून जाईल आणि कळणार पण नाही.

भिंतीचं सांगायचं राहिलं. चादर लावू नका, हवेनं हलते आणि चढ-उतार सगळे चुकीचे दिसतात. आम्ही भिंत घासून चुन्याचे दोन हात मारले, पडद्यापेक्षा स्वस्त. पिवळा डिस्टेंपर असला तर बर्फ पिवळाच दिसणार, त्यात प्रोजेक्टरचा दोष नाही. पावसाळ्यात पाखरं उजेडावर येतात आणि लेन्ससमोर एक बसलं की भिंतीवर घुबडाएवढं दिसते, त्यामुळं आम्ही दिवाळीनंतरच लावतो. रात्री सगळं गाव फोनवर असते तेव्हा नेट मरते, दुपारी अ‍ॅपमध्ये व्हिडिओ ऑफलाइन टाकून ठेवा. आणि रिमोटला दोन बारके सेल लागतात, ते डब्यात येत नाहीत, तालुक्याला गेलात की घेऊन या, गावातल्या दुकानात फक्त घड्याळाचे मिळतात.